नेमलेले काम आणि पडलेले काम

सरकारी कार्यालयातली कुठल्याही पदाची कर्तव्यसूची काढली, तर शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी एकच सापडते: वरिष्ठांनी वेळोवेळी सोपवलेली इतर कामे. खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रातही ही ओळ असते, फक्त इंग्रजीत. वरची दहा-बारा कलमे कोणी वाचत नाही. नोकरीचा दिवस मात्र पुष्कळदा या शेवटच्या ओळीतच जातो. जिल्हा परिषदेत 'जॉब चार्ट', कंपनीत 'जेडी', मंत्रालयात 'कर्तव्ये व जबाबदाऱ्या', अशी या कागदाची वेगवेगळी नावे आहेत. भरती, पगार, बढती, कार्यमूल्यमापन, विभागीय चौकशी, पदांची संख्या ठरवणारा आकृतिबंध, हे सगळे याच कागदावर उभे असते, निदान असायला हवे. तरीही कार्यालयात सर्वांत दुर्लक्षित कागद कुठला असेल, तर तो हाच. तो लिहिला कसा जातो, जुना कसा होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

काम लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण बरेचसे अध्यक्षांच्या कर्तव्यांनीच भरले आहे. शेतीचा सीताध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, सूतकताईचा सूत्राध्यक्ष, वजनमापांचा पौतवाध्यक्ष, अशा एकेकाने काय पाहावे आणि कशावर लक्ष ठेवावे ते त्यात आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे 1674 चा, कानुजाबता तर आठ प्रधानांची कर्तव्यसूचीच आहे. सचिवाने राजपत्रे तपासून त्यातला मजकूर शुद्ध करावा, अमात्याने जमाखर्च पाहावा, सेनापतीने लष्कर सांभाळावे. न्यायाधीश आणि पंडितराव यांना युद्धाच्या जबाबदारीतून वगळले होते. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या कर्तव्यसूचीत काय करायचे याबरोबर काय करायचे नाही हेही असते.

पण हे सगळे वरच्यांचे झाले. गावगाड्यात खाली काय होते? बलुतेदारांची कामे रूढीने ठरलेली होती, आणि रूढी कुठे थांबते हे कोणी लिहून ठेवले नव्हते. याचा सर्वांत कडवट अनुभव महार वतनदारांनी घेतला. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारी चाकरी करायची. ती कोणत्या खात्याची, किती तासांची, कोणाच्या हुकमाने, याला सीमा नव्हती. वेळ दिवसाची असो की रात्रीची, कोणत्याही खात्याच्या माणसाने बोलावले की जायचे. नेमलेला माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप या अमर्याद चाकरीवर होता. ते विधेयक संमत झाले नाही. कनिष्ठ वतने नाहीशी व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. कामाचे वर्णन हा विषय व्यवस्थापनाच्या पुस्तकातून शिकणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे, असे मला मनापासून वाटते. ज्याचे काम लिहिलेले नसते, त्याच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो, आणि असा माणूस उतरंडीत सहसा तळाशीच असतो.

व्यवस्थापनशास्त्राने हा विषय वेगळ्या वाटेने गाठला. फ्रेडरिक टेलरचे वैज्ञानिक व्यवस्थापनावरचे पुस्तक 1911 चे. काम तुकड्यांत मोजायचे आणि प्रत्येक तुकड्याची उत्तम पद्धत ठरवायची, हा त्याचा आग्रह होता. मंदीनंतर अमेरिकेच्या सरकारने 1939 मध्ये व्यवसायांचा कोश काढला, कारण रोजगार कार्यालयांना माणूस आणि काम यांची जोडी लावायची होती. भारतात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 1958, 1968, 2004 आणि 2015 असे सुधारत आले. ताज्या आवृत्तीत सुमारे 3600 व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाचे थोडक्यात वर्णन आहे. कोणत्याही आस्थापनेला पहिला खर्डा करायला हे वर्गीकरण उपयोगी पडते, पण ते खर्ड्यापुरतेच. देशभरच्या लिपिकांचे सरासरी वर्णन हे तुमच्या कार्यालयातल्या आवक-जावक टेबलाचे वर्णन नव्हे.

आपल्या न्यायालयांनी या कागदाकडे कसे पाहिले, हा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये 'कामगार' कोण, हे पदनामावरून ठरत नसे. हाताचे, कुशल, तांत्रिक, लिपिकाचे असे काम करणारा कामगार. व्यवस्थापन करणारा नव्हे. आणि देखरेख करणारा ठरावीक पगाराच्या वर गेला की बाहेर. म्हणून अनेक कंपन्यांनी लिपिकाला 'ऑफिसर' आणि फोरमनला 'एक्झिक्युटिव्ह' अशी नावे दिली. मुंबईच्या सीबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केले, की माणसाचे मुख्य काम काय ते पाहायचे. जोडीला थोडी देखरेख करावी लागते म्हणून तो कामगार नाही असे होत नाही. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात 1988 मध्ये याच मोजपट्टीने उलटा निकाल लागला: शिकवणे हे त्या व्याख्येतल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, म्हणून शिक्षक कामगार नव्हेत. दोन्ही निकालांत न्यायालयाने पाटीवरचे नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि देखरेख करणाऱ्यांची पगारमर्यादा 18,000 रुपयांवर गेली, तरी काम पाहण्याचे हे तत्त्व तसेच राहते.

मुंबईच्याच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचा 1987 चा निकाल या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवा. तिथे स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचे म्हणणे, बायका वरिष्ठांच्या खास लघुलेखिका आहेत आणि पुरुष सामायिक विभागात आहेत, म्हणून कामे वेगळी. न्यायालयाने कामाचा तपशील पाहिला आणि 1976 च्या समान मोबदला कायद्याचा भंग झाल्याचे ठरवले. वर्गवारी कागदावर वेगळी होती, हातातले काम एकसारखे होते. चुकीचे वर्णन नेहमी आळसातूनच येते असे नाही. कधी ते पगार दाबून ठेवण्यासाठी मुद्दाम लिहिले जाते.

याच धाग्यावर 2022 चा अंगणवाडीचा निकाल येतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना 'मानसेवी' म्हटले जाते, मिळते ते मानधन, आणि काम अर्धवेळ समजले जाते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने त्यांची कामे एकेक करून पाहिली. पूरक पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदर आणि स्तनदा मातांची भेट, लसीकरणात मदत, नोंदवह्या; शिवाय 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने आलेली जबाबदारी. इतके काम अर्धवेळ कसे म्हणायचे? त्यांना उपदान कायदा 1972 लागू होतो, असा निकाल लागला. 'मानसेवी' हा एक शब्द कागदावर बसला आणि पिढीभर सेविकांचे उपदान बुडत राहिले. आशा कार्यकर्तींची गोष्ट याहून अवघड आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात त्यांना स्वयंसेवक म्हणून आणले, कामागणिक मोबदला ठरवला. पुढे कोविडकाळात घरोघरीच्या पाहण्या, तापमान आणि ऑक्सिजन मोजणे, माहिती भरणे हे सगळे त्यांच्यावर आले. जून 2021 मध्ये महाराष्ट्रभर आशांचा संप झाला. त्यांचे म्हणणे साधे होते: काम वाढले आहे, ते मान्य करा आणि त्याचे पैसे द्या.

कर्तव्यसूची जाहीर करणे ही आता सरकारी कार्यालयाची मर्जी राहिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चे कलम 4 सांगते, की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करावीत आणि दरवर्षी अद्ययावत ठेवावीत. कार्यालयात याला '1 ते 17 मुद्द्यांची माहिती' म्हणतात. कायदा झाल्यापासून 120 दिवसांची मुदत होती. तिला दोन दशके लोटली. कित्येक कार्यालयांची ही माहिती उघडली की बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आणि बंद झालेल्या योजना दिसतात. कर्तव्यांच्या रकान्यात तर 'कार्यालयीन कामकाज पाहणे' एवढेच असते. मुदत पाळल्याची नोंद होते, पण त्यातून वाचणाऱ्याला आपले काम कोणाच्या टेबलावर अडले आहे ते कळत नाही. शासकीय विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा 2005 चा कायदा म्हणतो, की कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पण ती फाईल नेमकी कोणाची, हेच ठरलेले नसेल तर सात दिवस कोणाचे मोजायचे?

कागद जुना का होतो? तलाठ्याचे उदाहरण घ्या. आता हे पद ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 आणि गाव नमुने 1 ते 21 यांनी त्याचे काम बांधून दिले होते. शिवारात फिरून पीक पाहायचे आणि गाव नमुना बारा लिहायचा, हा त्यातला मोठा भाग. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाची नोंद करू लागले. सातबारा डिजिटल सहीचा झाला, फेरफार संगणकावर गेले. म्हणजे लिहिण्याचे काम घटले. त्याऐवजी शेतकऱ्यांना ॲप शिकवणे, न झालेल्या नोंदींचा पाठपुरावा, चुकीच्या नोंदींची तपासणी, सर्व्हर बंद असताना लोकांचा राग झेलणे ही कामे आली. पदाचे नाव बदलले, साधने बदलली. पण मोजणी जुन्याच नमुन्यांवर चालली तर माणूस दिवसभर राबूनही कागदावर रिकामा दिसतो. खेड्यात तो ज्याच्याबरोबर काम करतो तो ग्रामसेवकही आता ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे. जी योजना येईल तिची अंमलबजावणी शेवटी त्याच्याच दारात येते. प्रत्येक खाते आपापला शासन निर्णय काढते आणि त्यात एक जबाबदारी लिहिते. या सगळ्या निर्णयांची बेरीज करून एका माणसाच्या दिवसात ती बसते का, हे पाहणारे खाते मला तरी कुठे दिसलेले नाही.

शिक्षकांच्या बाबतीत तरी कायद्याने कुंपण घातले आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले होते, की निवडणुकीचे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे. तरी ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, खिचडीचे हिशेब, मतदारयाद्या हे सुटले नाही. शेवटी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामे वेगवेगळी करून दिली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कलम होते, निकाल होता, तरी कामांची नेमकी यादी हातात नव्हती तोवर मुख्याध्यापकाला 'हे आमचे काम नाही' असे लेखी म्हणता येत नव्हते.

यावर रिक्त पदांची भर पडते. आकृतिबंधात पाच लिपिक मंजूर, भरलेले तीन, त्यातला एक प्रतिनियुक्तीवर. उरलेल्या दोघांकडे आपले टेबल आणि वर अतिरिक्त कार्यभार. प्रत्येक पदाची कर्तव्यसूची पूर्ण माणूस गृहीत धरून लिहिलेली असते. अडीच पदांची कर्तव्ये एकावर आली की त्यातले काय राहिले तर चालेल, हे कोणीही सांगत नाही. मग माणूस स्वतःच ठरवतो. ज्याचा दूरध्वनी आधी येतो त्याचे काम आधी. पुढे विभागीय चौकशी लागली, तर त्याच्यासमोर पूर्ण कर्तव्यसूची ठेवली जाते.

खासगी क्षेत्रात दोष वेगळा आहे. तिथे वर्णन लिहिले जाते भरतीच्या दिवशी, तेही बहुधा दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीवरून उचललेले. माणूस रुजू झाला की तो कागद विस्मरणात जातो आणि मूल्यमापन 'केआरए'वर, म्हणजे ठरवून दिलेल्या मुख्य उद्दिष्टांवर, होते, ज्यांचा त्या वर्णनाशी मेळ नसतो. जिथे बारावी आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण पुरते तिथे पदवी मागतात, आणि आयटीआयमधून आलेली चांगली मुले चाळणीतच गळतात. अपंग उमेदवारांवर तर दोन्ही क्षेत्रांत मोठाच अन्याय होतो. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 नुसार सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखीव आहेत आणि कोणती पदे योग्य आहेत हे ठरवताना बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, पाहणे, ऐकणे अशा क्षमता पदागणिक तपासल्या जातात. एखाद्या लेखा पदाच्या वर्णनात सवयीने 'क्षेत्रभेटी' लिहिल्या, आणि प्रत्यक्षात वर्षातून एकदाच कोठे जावे लागत असेल, तर व्हीलचेअरवरच्या हुशार मुलीचा अर्ज त्या एका शब्दाने बाद होऊ शकतो. कोणते काम पदाचा गाभा आहे आणि कोणते वाटून देता येते, हा भेद अमेरिकेने 1990 च्या कायद्यात केला. आपल्या बहुतेक कर्तव्यसूच्यांत तो अजून नाही.

काटेकोर वर्णनाविरुद्धचे आक्षेपही ऐकायला हवेत. सगळे लिहून दिले की माणूस त्याच्याबाहेर बोट हलवत नाही, हा पहिला. त्यात तथ्य आहे; 'नियमानुसार काम' हे आंदोलनाचे हत्यार आहे ते उगीच नव्हे. कुठलीही संस्था लिहिलेल्यापेक्षा थोडे जास्त करणाऱ्या माणसांवर चालते. दुसरा आक्षेप अधिक सखोल आहे. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवून दिले, की माणसे आपले काम स्वतः घडवत असतात. रुग्णालयातल्या काही सफाई कर्मचारी रुग्णांची विचारपूस, नातेवाइकांना मदत हेही आपलेच काम मानत होत्या, वर्णनात ते कुठेच नसताना. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ज्याने रात्र काढली आहे त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. पण या आक्षेपांचा अर्थ कागद नको असा होत नाही. आपणहून जास्त करणे आणि जास्त करायला भाग पाडले जाणे यांतला फरक दाखवायला आधी मूळ काम कुठवर होते ते लिहिलेले लागते.

मग लिहायचे कसे? पहिला खर्डा ज्याचे काम आहे त्याने करावा. मनुष्यबळ विभागाने किंवा आस्थापना शाखेने नव्हे. दोन-तीन आठवडे रोज काय केले याची टिपणे ठेवली तरी निम्मे चित्र समोर येते. सरकारी कार्यालयात तर कच्चा माल तयारच असतो: कार्यविवरण नोंदवही, सहा गठ्ठे पद्धतीतला नियतकालिकांचा गठ्ठा, मासिक गोषवारा. त्यावर वरिष्ठाने आपले म्हणणे लिहावे. जिथे दोघांचे जुळत नाही तिथेच खरी माहिती असते, म्हणून ते मतभेद पुसून टाकू नयेत, बसून सोडवावेत. आणखी एका माणसाला जरूर विचारावे, ज्याला या कामाचा उपयोग होतो त्याला. स्टोअरकीपरचे काम काय, हे शॉपवरचा ऑपरेटर वेगळे आणि पुष्कळदा जास्त खरे सांगतो.

भाषा क्रियापदांची हवी. 'पत्रव्यवहार पाहणे', 'समन्वय ठेवणे', 'देखरेख करणे' यातून काहीच कळत नाही. 'आलेले टपाल त्याच दिवशी आवक नोंदवहीत नोंदवून संबंधित टेबलाला देणे' यातून काम, वेळ आणि जबाबदारी तिन्ही कळतात. किती रुपयांपर्यंत स्वतः मंजुरी देता येते, कोणत्या गोष्टी विचारूनच करायच्या, हे लिहिले नाही तर जबाबदारी खाली येते आणि अधिकार वरच राहतात. कामाचा हंगामही लिहावा. लेखा शाखेचा मार्च, नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचा पावसाळा, शाळेचा जून हे वर्षाच्या सरासरीत हरवतात. आणि शेवटची ती ओळ काढून टाकता येत नाही, मान्य आहे, पण बांधता येते: इतर काम कोण सोपवू शकेल, ते लेखी असेल का, सलग किती दिवस चालेल, आणि तेवढ्या काळात मूळ कामातले काय थांबेल.

सांभाळणे हे लिहिण्यापेक्षा कठीण आहे, कारण त्याला ठरलेली वेळ नसते. माझ्या मते सर्वांत चांगली वेळ पदभार हस्तांतरणाची. चार्ज देताना फायली, किल्ल्या, रोख मोजली जाते आणि सह्या होतात. तिथेच जाणाऱ्याने कर्तव्यसूची दुरुस्त करून द्यावी. काय बदलले हे त्याला जितके ठाऊक असते तितके पुढे कोणालाच नसते. याखेरीज नवी संगणकप्रणाली आली, नवा शासन निर्णय आला, शेजारचे पद रिक्त झाले की कागद उघडायचा. दर आवृत्तीवर तारीख हवी आणि जुनी आवृत्ती जपून ठेवायला हवी, कारण चौकशीत प्रश्न त्या दिवशी काम कोणाचे होते हा असतो, आज कोणाचे आहे हा नव्हे. हा उद्योग कोणाचा, हेही ठरवावे. एका नावावर ही जबाबदारी नसेल तर तीही 'इतर कामां'त जाऊन पडते.

वाचकांपैकी जे नोकरीत आहेत त्यांनी एवढे करावे. आपल्या पदाची कर्तव्यसूची लेखी मागावी, तिच्यावरची तारीख पाहावी, आणि जे काम रोज करता पण जे तिच्यात नाही त्याची यादी करून वरिष्ठांना पोच घेऊन द्यावी. जे अधिकारी आहेत त्यांनी ती यादी तक्रार समजून बाजूला ठेवू नये, पुढच्या आकृतिबंधाच्या प्रस्तावाला जोडावी. आणि ज्यांचे काम सरकारी टेबलावर अडले आहे त्यांनी त्या टेबलाची कर्तव्ये मागावीत. ती कलम 4 खाली आधीच प्रसिद्ध असायला हवीत. नसतील तर राज्यात माहितीच्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.